होरायझन्स: लघुग्रह कुठे दिसेल ते सांगतं, पण आधी तुमची जागा विचारतं

पृथ्वीजवळून जाणारा एखादा चिमुकला लघुग्रह दुर्बिणीत पकडायचा तर नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेच्या दोन मोफत ऑनलाइन सेवा लागतात. कोणता लघुग्रह धरायचा हे सीनिऑसच्या, म्हणजे पृथ्वीजवळून जाणाऱ्या वस्तूंच्या केंद्राच्या, तक्त्यावरून ठरवायचं, आणि दुर्बीण कुठे रोखायची हे आकाशातली जागा काढून देणाऱ्या होरायझन्सला विचारायचं. नुसत्या तक्त्यावर विसंबलात तर रात्र फुकट गेलीच म्हणून समजा.

तक्त्यातली अंतरं केंद्रापासून केंद्रापर्यंतची असतात. 13 एप्रिल 2029 ला अपोफिस हा लघुग्रह पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे 38,000 किमीवरून जाईल. बातम्यांतले 32,000 किमी पृष्ठभागापासूनचे. वेळ टीडीबी या खगोलीय कालमापनात असते, म्हणजे यूटीच्या (घड्याळांच्या जागतिक वेळेच्या) जवळजवळ 69 सेकंद पुढे. व्यासाचा आकडा फार मनावर घेऊ नका: निरपेक्ष प्रत (ठरावीक अंतरावरून मोजलेली तेजस्विता) 26 असेल तर पृष्ठभाग किती उजळ यावर तो 17 ते 38 मीटरांत कुठेही बसतो.

होरायझन्सची खरी किंमत कळते ती स्वतःचे अक्षांश-रेखांश भरल्यावर. चंद्राइतक्या अंतरावरच्या वस्तूची जागा पृथ्वीकेंद्रावरून आणि तुमच्या अंगणातून पाहताना 57 कलांपर्यंत (60 कला म्हणजे एक अंश) वेगळी पडते, म्हणजे जवळजवळ दोन पौर्णिमेचे चंद्र शेजारी ठेवावेत इतकी. अपोफिसच्या वेळी हा फरक साडेनऊ अंशांच्या घरात जाईल. जुने कक्षाघटक (कक्षा सांगणारे आकडे) भरलेलं तारांगण-सॉफ्टवेअर इथे हमखास तोंडावर पडतं, कारण पृथ्वीच्या ओढीने वाकलेली कक्षा त्याच्या हिशेबातच नसते.

होरायझन्सला प्रोग्राममधून प्रश्न विचारायची सोय, म्हणजे एपीआय, वापरत असाल तर पूर्व रेखांश धन, आणि उंची किलोमीटरमध्ये. 600 मीटरच्या जागेसाठी 0.6 लिहायचं; 600 लिहिलंत तर निरीक्षक थेट अवकाशात जातो आणि चंद्राच्या अंतरावर पाच कलांची चूक होऊ शकते. तक्त्यातल्या दोन ओळींमधला टप्पा एक मिनिटाचा ठेवा. रकाने 1 (आकाशातली जागा), 3 (सरकण्याचा वेग), 4 (दिशा आणि उन्नतांश), 9 (दृश्य प्रत) आणि 36 (जागेची अनिश्चितता) पुरेत. तिसऱ्यातला वेग विकला (कलेचा साठावा भाग) प्रति तास असतो. मिनिटाचा वेग काढताना 60 ने भागायला विसरणारे पुष्कळ. छत्तिसावा मात्र आधी वाचा: तिथली 3 सिग्मा अनिश्चितता (जागा जवळजवळ नक्की जिच्या आत असते ती मर्यादा) कॅमेऱ्याला दिसणाऱ्या क्षेत्रापेक्षा मोठी असेल तर त्या रात्री दुसरं लक्ष्य निवडलेलं बरं.

चंद्राच्या साडेतीन पट अंतरावरून, सेकंदाला 10 किमी आडवा जाणारा लघुग्रह मिनिटाला सुमारे 92 विकला सरकतो. पिक्सेल दीड विकलांचा असेल तर सेकंदाला एक पिक्सेल. म्हणून 2–3 सेकंदांचे 30–40 एक्स्पोजर घ्या आणि ते लघुग्रहाच्या वेगाने सरकवत एकावर एक रचा. अ‍ॅस्ट्रोमेट्रिका हे सॉफ्टवेअर हे करतं. संगणकाचं घड्याळ 10 सेकंद चुकलं तर मोजमाप 15 विकलांनी सरकतं, आणि असं मोजमाप लघुग्रहांची निरीक्षणं गोळा करणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरला न पाठवलेलंच बरं.

होरायझन्समधून सकाळी काढलेला तक्ता रात्री वापरू नका. मधल्या काळात नवी निरीक्षणं येऊन कक्षा बदललेली असू शकते. तक्त्याच्या शीर्षभागातली सोल्यूशनची, म्हणजे कक्षा काढल्याची, तारीख पाहा.

आणखी एक मर्यादा. नुकतीच सापडलेली वस्तू अधिकृत नाव मिळून कक्षा निघेपर्यंत इथे नसतेच. 2008 टीसी3 हा लघुग्रह सापडल्यापासून सुमारे 20 तासांत सुदानवर येऊन फुटला. इतक्या ताज्या पाहुण्यांसाठी नव्या, अजून पक्क्या न झालेल्या वस्तूंवर लक्ष ठेवणारं जेपीएलचंच स्काउट उघडायचं.