घरभेट की माता बैठक?

सोलापूरच्या पूर्व भागात किंवा कुंभारीच्या गोदूताई या विडी कामगारांच्या वसाहतीत दुपारी गेलात, तर आई उंबऱ्याशी बसलेली दिसते. मांडीवर सूप, सुपात पानं नि तंबाखू, बाजूला रांगतं लेकरू. हजार विड्या झाल्याशिवाय तिला उठता येत नाही. बाळाची बुद्धी वाढावी म्हणून त्याच्याशी खेळायचं-बोलायचं कसं, हे शिकवायला अशा आईला अंगणवाडीतल्या बैठकीला बोलावणं म्हणजे तिची मजुरी बुडवणं, म्हणून माझा कौल घरभेटीला.

घरी गेलं की जे आहे त्यातूनच शिकवता येतं. वाटीवर चमचा वाजवायचा, लेकरू हुंकारलं की आईनं हात न थांबवता उत्तर द्यायचं, तेही घरच्या तेलुगूतच. तंबाखूचं सूप बाळापासून लांब सरकवायलाही तिथंच सुचवता येतं. जमैकात 1986-87 मध्ये खुरटलेल्या बाळांच्या घरी दोन वर्षं दर आठवड्याला तासभर अशा भेटी दिल्या होत्या. ती मुलं 22 वर्षांची झाली तेव्हा त्यांची कमाई, भेटी न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त होती. आपल्या आशाताईंच्या भेटी मात्र तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंत जेमतेम पाच.

बैठक स्वस्त पडते, हे खरंच. ओडिशातल्या 192 गावांत दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. मुलांच्या बुद्धीच्या वाढीत जवळपास सारखाच फायदा झाला आणि गटाचा खर्च घरभेटींच्या एक तृतीयांशाहूनही कमी आला. शिवाय बायका एकमेकींचं बघून शिकतात. विडीवाल्या गल्लीत बैठक घ्यायचीच, तर ओट्यावर घ्या, सुपासकट.