काळीत घनवन, पांढरीवर गवत : एका लागवड सेवेचा अनुभव

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आमची वडिलोपार्जित जमीन आहे. तिथल्या दहा गुंठ्यांवर मियावाकी पद्धतीचे घनवन, म्हणजे देशी झाडे अगदी दाट लावून उभे केलेले छोटे जंगल, लावून घेण्यासाठी आम्ही एका खाजगी संस्थेची सेवा घेतली, त्याला आता दोन पावसाळे झाले. झाडांच्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. सुमारे तीन हजार देशी रोपांपैकी फारच थोडी मेली आणि त्यांच्या जागी संस्थेने विनामूल्य नवी रोपे लावून दिली.

माझा आक्षेप आहे तो पाहणीबद्दल. मातीचा पोत, पाण्याची सोय, वाऱ्याची दिशा असे सगळे त्यांनी बारकाईने विचारले आणि शेवटी लागवडीला सर्वांत सोयीची म्हणून जी जागा निवडली, ती नेमकी आमची पांढरी होती. राखेच्या रंगाच्या भुसभुशीत मातीचा तो उंचवटा म्हणजे जुन्या वस्तीचे टेकाड. पहिला मोठा पाऊस झाला की तिथे आजही खापरे उघडी पडतात. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हे गावात कोणाला सांगावे लागत नाही, पण संस्थेच्या छापील प्रश्नावलीत जुन्या वस्तीसाठी रकानाच नव्हता. याच तालुक्यातील इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन केले आणि सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातील घरे, तसेच घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या मडक्यांतील बालकांची दफने उजेडात आणली, हे लक्षात घेता असा रकाना इथे तरी हवाच होता.

घनवनाची पद्धत पांढरीला विशेष घातक ठरते, कारण तिच्यात सुटे खड्डे न घेता संपूर्ण तुकडा जेसीबीने सुमारे मीटरभर खणतात आणि शेणखत, भुसा, कोकोपीट मिसळून ती माती परत भरतात. मुळांनी जुन्या वस्तीच्या थरांत शिरण्याआधीच वरचे थर संपलेले असतात. पुढे मुळे खालच्या जुन्या घरांच्या जमिनी फोडतात, वादळात झाड उन्मळले की गड्ड्याबरोबर खालचे सगळे वर येते, आणि ताजी मुळे जुन्या कोळशात मिसळली की कार्बन पद्धतीने काढलेल्या कालमापनावरही भरवसा ठेवता येत नाही. थर हातातून गेला की वस्तू मिळूनही काय हरवते, याचे उदाहरण दायमाबाद या प्राचीन वस्तीचे आहे : १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झुडपाचे मूळ खणताना रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा या कांस्यमूर्ती सापडल्या, पण त्या कोणत्या थरातील, म्हणून कोणत्या काळातील, हा वाद अभ्यासकांत राहिलाच.

आम्ही हरकत घेतल्यावर संस्थेच्या पर्यवेक्षकांनी काम त्याच दिवशी थांबवले, आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि लागवड खालच्या काळीत हलवली, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. उंचवट्याच्या पायथ्यापासून वीस पावले मोकळी सोडण्याची सूचनाही त्यांनी मान्य केली; जेसीबीचा येण्याजाण्याचा रस्ता मात्र पांढरीवरून नको, हे आम्हांला तीनदा सांगावे लागले. वाया गेलेल्या दिवसाचे भाडे आमच्या बिलात लावले गेले, ते मला अजूनही पटलेले नाही.

काळीत ज्यांना लागवड करायची आहे, त्यांना ही सेवा मी निःशंकपणे सुचवीन. पांढरी असलेल्यांनी मात्र तिची हद्द करारातील नकाशावर आधी आखून घ्यावी. माझ्याकडून पाचपैकी तीन तारे. उंचवट्यावर आम्ही मारवेल गवत राखले आहे. तिथे आपोआप उगवणारी सुबाभूळ काढण्याचे काम देखभालीच्या करारात बसत नाही असे संस्था म्हणते, त्यामुळे ते आम्हीच करतो, आणि रोप मुळासकट न उपटता लहान असतानाच बुंध्याशी कापतो.