डासांच्या औषध-चाचणीचं डब्ल्यूएचओ ट्यूब किट: आठ महिने वापरल्यानंतर

गावात फवारणी होऊनही गोठ्यात पहाटे डास तसेच बसलेले दिसले, तर कारणं मुख्यतः दोन. एकतर फवारणी नीट झालेली नाही, किंवा डास औषधाला दाद देत नाहीत. दुसरी शंका फेडायला हे किट आहे. आठ महिन्यांत ते बहुतेक वेळा अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसीज या डासावर, डेल्टामेथ्रिन या डासनाशक औषधाच्या ०.०५ टक्क्याच्या कागदाने वापरलं. ग्रामीण भागातल्या हिवतापाचा मोठा वाटा हाच डास पसरवतो, आणि १९५९ साली गुजरातेतल्या पंचमहालात डीडीटीला न जुमानणारा म्हणून नोंद झाली तीही याचीच. किट साधं आहे, टिकाऊ आहे, विजेशिवाय चालतं. पण हाताळणी सैल पडली तर ते चुकीचं उत्तरही तितक्याच सहज देतं, म्हणून खाली हाताळणीबद्दलच जास्त लिहिलं आहे.

पेटीत १२५ मिमी लांब आणि ४४ मिमी व्यासाच्या प्लास्टिकच्या नळ्या येतात. प्रत्येकीच्या एका टोकाला जाळी असते, आणि दोन नळ्या जोडायला मधे सरकपट्टी. हिरव्या ठिपक्याची नळी डास ठेवायची, लाल ठिपक्याची औषधाच्या कागदाची, पिवळी कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठी औषध नसलेल्या कागदाची. कागद १२ बाय १५ सेंमीचा, तो गुंडाळून नळीच्या आतून तारेच्या क्लिपने बसवायचा. स्टीलच्या क्लिपा साध्या कागदाला, तांब्याच्या औषधाच्या कागदाला. या क्लिपा एकदा जरी अदलाबदल झाल्या तरी हिरव्या नळीत औषधाचा अंश जातो आणि कंट्रोलमधले डास मरायला लागतात. नळ्या साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवून धुवाव्यात. अ‍ॅसिटोन लावू नये, प्लास्टिक धुरकट होतं आणि मग आतला डास बसलाय की पडलाय ते बाहेरून कळत नाही.

एका चाचणीला सहा जोड्या लागतात: चार लाल, दोन पिवळ्या. प्रत्येकीत २० ते २५ माद्या, म्हणजे औषधावर साधारण शंभर आणि कंट्रोलला पन्नास. डास सक्शन ट्यूबने हिरव्या नळीत घ्यायचे, तासभर तसेच ठेवायचे आणि पाय तुटलेले किंवा मलूल डास काढून टाकायचे. मग सरकपट्टी उघडून हलकी फुंकर मारत लाल नळीत ढकलायचे. पट्टी झटक्याने बंद केली की दोन-तीन डास कडेला चिरडतात, तेव्हा ती बोटाने हळू सरकवावी. नळी उभी, जाळी वर, बरोबर एक तास. तासाने पडलेले किती ते लिहायचं, सगळे डास परत हिरव्या नळीत घ्यायचे, जाळीवर १० टक्के साखरपाण्याचा कापूस ठेवायचा आणि २४ तासांनी मोजायचं.

नवीन माणूस हमखास चुकतो तो तासाभराच्या मोजणीत. उताणा पडून पाय झाडणारा डास त्याला मेलेला वाटतो. तो नॉकडाउन आहे, म्हणजे नुसता पडलेला, मृत्यू नाही. प्रतिकार असलेला डास तासाभरात पडून रात्रीतून उठतो आणि सकाळी जाळीला लटकलेला दिसतो. हिशोबात धरायचा तो २४ तासांनंतरचाच आकडा. उभं राहता किंवा नीट उडता येत नसेल तो मेलेला. पाय कमी असले तरी उडतोय तो जिवंत.

आता डासांच्या निवडीबद्दल, कारण खरी गोम तिथे आहे. गोठ्यातून पहाटे पकडलेल्या माद्या सोयीच्या असतात, पण त्यांचं वय कळत नाही. म्हाताऱ्या डासाची प्रतिकारशक्ती घटते, म्हणून तो औषधाला बळी पडतो आणि आकडा असायला हवा त्यापेक्षा छान येतो. रक्ताने टरटरलेल्या मादीचं उलट, ती जास्त तग धरते. त्यामुळे अळ्या आणून ट्रेमध्ये वाढवाव्यात आणि ३ ते ५ दिवसांच्या, रक्त न प्यायलेल्या माद्या घ्याव्यात. वेळ जातो, पण दोन महिन्यांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतात. अळ्या एकाच डबक्यातल्या नकोत, एकाच मादीची पिल्लं निघण्याचा धोका असतो. आणि जात ओळखूनच नळीत घाला: क्युलिसिफेसीजच्या पंखाची तिसरी शीर काळी असते, फ्लुविएटिलिस या दुसऱ्या अ‍ॅनॉफिलिस जातीची बरीचशी फिकट.

कागद ही या किटची नाजूक बाजू. फॉइलमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवायचे आणि वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचे, नाहीतर ओल धरते. एक कागद जास्तीत जास्त सहा वेळा. पेन्सिलीने कडेला रेघ मारत गेलं तरच हिशोब राहतो. उन्हाळ्यात वीज गेली आणि फ्रिज दिवसभर बंद राहिला, तर तो गठ्ठा बाजूला काढावा. एक्स्पायरी उलटलेल्या कागदावर डास मेले नाहीत, तर दोष डासाचा की कागदाचा हे सांगताच येत नाही. एडिसला, म्हणजे डेंगीच्या डासाला, हेच कागद लावू नका. त्याची मात्रा कमी आहे, डेल्टामेथ्रिनची ०.०३ टक्के. क्युलिसिफेसीजच्या कागदावर डेंगीचा डास मेला म्हणून तो औषधाला दाद देतो असं ठरत नाही.

खोली २७ अंशांच्या आसपास आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या जवळ हवी. मे महिन्यात विदर्भात हे जमवायचं तर नळ्यांवर ओला टॉवेल लागतोच. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. मुंग्या एका रात्रीत कंट्रोलची नळी साफ करतात.

निकाल असा वाचायचा: ९८ टक्के किंवा जास्त मेले तर डास औषधाला बळी पडतात, ९० ते ९८च्या आत असेल तर प्रतिकाराची शंका, ९०च्या खाली प्रतिकार पक्का. कंट्रोलमध्ये ५ ते २० टक्के मेले असतील तर अ‍ॅबट सूत्राने, म्हणजे कंट्रोलमधले मृत्यू हिशोबातून वगळून, दुरुस्ती, २०च्या वर गेले तर चाचणीच रद्द. समजा औषधावर १०० पैकी ९१ मेले आणि कंट्रोलमध्ये ५० पैकी ६, म्हणजे १२ टक्के. ९१ वजा १२ म्हणजे ७९, भागिले ८८ (१०० वजा १२), उत्तर ८९.८ टक्के. कागदावर ‘शंका’ दिसणारा निकाल दुरुस्तीनंतर ‘पक्का’ झाला. ही दुरुस्ती गाळून वर गेलेले अहवाल पाहून जीव तुटतो, कारण पुढच्या हंगामाचं औषध त्यांवरच ठरतं.

एवढ्याने प्रतिकार आहे की नाही ते कळतं, किती आहे ते नाही. त्यासाठी पाचपट आणि दहापट मात्रेचे कागद वेगळे मागवावे लागतात. पाचपटीवर ९८ टक्के मेले तर प्रतिकार सौम्य, दहापटीवरही मेले नाहीत तर फारच तीव्र. पीबीओ या, डासाची एन्झाइमं रोखणाऱ्या रसायनाचा ४ टक्क्यांचा कागद आधी तासभर आणि मग डेल्टामेथ्रिन, असं करून मृत्यू वाढले तर डासाच्या अंगातली एन्झाइमं औषध पचवत आहेत असं समजायचं. न वाढले तर केडीआरकडे पाहावं, म्हणजे औषध डासाच्या मज्जातंतूंवर जिथे काम करतं त्या सोडियम चॅनलमधल्या जनुकीय बदलाकडे. तोच बदल डीडीटीलाही निष्प्रभ करतो. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात फवारणीत आणि वाटलेल्या मच्छरदाण्यांत एकाच पायरेथ्रॉइड गटाची (डेल्टामेथ्रिन ज्यात येतं त्या) औषधं असतील, तर हा तपास टाळून चालणार नाही.

किटची एक मर्यादाही सांगतो. क्लोथियानिडिन, क्लोरफेनापिर ही नवी औषधं कागदावर तपासता येत नाहीत, त्यांना काचेच्या बाटल्यांची चाचणी लागते, आणि क्लोरफेनापिरला तर ७२ तास थांबावं लागतं. किट घेताना पाचपटीचे आणि पीबीओचे कागद, सरकपट्ट्यांचा जादा संच आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या कुप्या सोबतच मागवा. मोजणी झाली की जिवंत राहिलेले डास एका कुपीत, मेलेले दुसऱ्या कुपीत, वर गावाचं नाव, तारीख आणि कागदाचा बॅच नंबर. केडीआरच्या तपासणीला प्रयोगशाळा हेच मागते, आणि एकत्र झालेले डास नंतर वेगळे करता येत नाहीत.