ऑर्गन होता तिथे हंगाम रंगला

इंदूरला मराठी नाटक पाहायचे म्हणजे मुंबई-पुण्याच्या दौऱ्याची वाट पाहायची, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की इथल्याच कलावंतांच्या एका मंडळीने चार नाटकांचा पूर्ण हंगाम जाहीर केला, तेव्हा बऱ्याच जणांनी ते पत्रक वाचून बाजूला ठेवले. हौशी नाटकांची परंपरा आपल्या गावाला नवी नाही, पण हौशी प्रयोग बहुधा स्पर्धेपुरता बसवला जातो आणि स्पर्धा झाली की नेपथ्य माळ्यावर जाते. या मंडळीने मात्र रेपर्टरीची पद्धत स्वीकारली आहे. नटनटींचा संच एकच असतो, तालमी वर्षभर चालतात, आणि ‘संगीत संशयकल्लोळ’, ‘संगीत सौभद्र’, ‘मोरूची मावशी’ व ‘तुझे आहे तुजपाशी’ ही चार नाटके आलटून पालटून होतात. त्यांपैकी दोन संगीत आहेत आणि दोन गद्य, पण चारही हसवणारी आहेत. ती सगळी पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की विनोद या मंडळींच्या हाती चांगला लागला आहे, आणि संगीत मात्र वादक समोर बसलेले असतात तेव्हाच लागते.

‘संशयकल्लोळ’ हा या हंगामाचा निर्विवाद उत्तम प्रयोग. गोविंद बल्लाळ देवलांनी हे कथानक आधी गद्यात लिहिले होते. पदांसह ते १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले, तेव्हा गणपतराव बोडस फाल्गुनराव होते आणि बालगंधर्व नायिका रेवती. कथेचे मूळ इंग्रजी रूपांतराच्या वाटेने थेट मोलियेरपर्यंत जाते, परंतु देवलांच्या हातून ती इतकी घरची होऊन आली आहे की संशयी फाल्गुनराव आणि त्याची बायको कृत्तिका यांचे भांडण आपल्याच आळीत चालल्यासारखे वाटते. या नाटकाची खरी परीक्षा तसबिरीच्या प्रसंगात असते. फाल्गुनराव मागे येऊन उभा आहे आणि कृत्तिकेला त्याचा पत्ता नाही, हा प्रसंग बहुतेक नट डोळे विस्फारून आणि प्रेक्षकांकडे तोंड करून साजरा करतात. इथला फाल्गुनराव तसे काही करत नाही. तो उपरण्याचे टोक बोटाभोवती गुंडाळत राहतो. तसबीर पाहून कृत्तिका जे जे बोलते त्याबरोबर एकेक वेढा वाढतो, आणि बोट पार आवळले गेल्यावर त्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो. तोपर्यंत सभागृह हसून बेजार झालेले असते. कृत्तिकेचे काम करणारी नटीही तितकीच तयारीची आहे. आवाज न चढवता भांडण कसे वाढवायचे हे तिला नेमके माहीत आहे, आणि फाल्गुनरावाचे वाक्य संपण्याच्या अर्धा क्षण आधी आपले वाक्य सुरू करण्याची तिची लकब प्रत्येक प्रवेशात कामाला येते. असे जुळलेले संवाद दोन-तीन आठवड्यांच्या तालमीत होत नाहीत, एकाच संचाने वर्षभर एकत्र काम केल्याचाच तो परिणाम आहे.

या प्रयोगाला ऑर्गन आणि तबला प्रत्यक्ष आहेत, आणि साथीदार रंगमंचासमोर डाव्या कोपऱ्यात प्रेक्षकांना दिसतील असे बसवले आहेत. रेवतीचे काम करणाऱ्या नटीचा आवाज मोठा नाही; तार षड्जाच्या पुढे तो बारीक होतो, आणि हे तिला स्वतःलाही ठाऊक असावे, कारण ती वर फार रेंगाळत नाही. पण तिला शब्द समजतात. पदातली तक्रार ती तक्रारीसारखी गाते, ताना दाखवण्यासाठी थांबत नाही, आणि पद संपल्यावर गद्याकडे येताना सांधा दिसू देत नाही. एका पदानंतर मागच्या रांगांतून ‘वन्स मोअर’ची हाक आली तेव्हा तिने ऑर्गनवाल्याकडे नुसते पाहिले, त्याने धरलेला स्वर सोडलाच नव्हता. ती अंतऱ्यावर परत आली आणि तिथे पहिल्या खेपेला न घेतलेली एक जागा घेऊन पद तबलजीच्या तिहाईवर सोडून दिले. माळव्यातल्या श्रोत्यांचे कान जरा तिखटच असतात. ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम करणारे कुमार गंधर्व इथून तासाभराच्या अंतरावर देवासला राहत होते आणि त्यांना समोर बसून ऐकलेली माणसे अजून सभागृहात असतात. त्या माणसांनीही मान हलवली.

रेवतीचा प्रियकर अश्विनशेठ करणाऱ्या नटाची अडचण उलटी आहे. गळा चांगला तयार आहे, दरबारी कानड्याचे पद त्याने वजनदारपणे मांडले, परंतु पदाच्या आधीच्या वाक्यातच आता आपण गाणार आहोत हे त्याच्या अंगावर दिसू लागते. खांदे मागे जातात, पाय जुळतात, आणि समोरची रेवती त्याच्यापुरती नाहीशी होते. गवई रंगमंचावर आणताना हा धोका नेहमीच असतो आणि तो दिग्दर्शकाने तालमीतच दूर करायला हवा होता. पदांची संख्या बरीच कमी केली आहे, त्याबद्दल जुन्या जाणत्यांची कुरकुर ऐकू आली. माझी मात्र तक्रार नाही. प्रयोग तीन तासांच्या आत संपतो आणि कथानकाचा वेग कुठेही मंदावत नाही.

‘सौभद्र’बद्दल हे लिहिता आले असते तर बरे वाटले असते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे १८८२ सालचे हे नाटक पौराणिक म्हणून ओळखले जात असले तरी त्याचा पिंड प्रसन्न विनोदाचाच आहे. सुभद्रेचे लग्न दुर्योधनाशी लावायला निघालेला बलराम, संन्याशाच्या वेषात येऊन त्याच बलरामाच्या भक्तीचा विषय झालेला अर्जुन, आणि ही सगळी सूत्रे हातात ठेवून काहीच माहीत नसल्यासारखा वावरणारा कृष्ण, एवढी सामग्री कोणत्याही विनोदी नटाला हेवा वाटावा अशी आहे. गद्य प्रवेशांत ती सामग्री सत्कारणी लागलीही आहे. विशेषतः बलरामाचे काम फार चांगले झाले आहे. यतीची सेवा नीट होते आहे ना याची त्याला लागलेली काळजी इतकी प्रामाणिक आहे की त्याची कीव येते आणि हसूही येते. पण या नाटकाला वाद्यवृंदच नाही. सगळी साथ आधी ध्वनिमुद्रित करून ठेवली आहे आणि ती यंत्रावरून वाजवली जाते.

मुद्रित साथीवर गाणारा नट मालगाडीच्या मागे बांधलेल्या डब्यासारखा असतो. इंजिन निघाले की निघायचे, थांबले की थांबायचे. किर्लोस्करांच्या मूळ संहितेत शंभराहून अधिक पदे आहेत आणि त्यांत साकी, दिंडी यांसारख्या बोलण्यातून गाण्यात सहज सरकणाऱ्या रचना पुष्कळ आहेत. संवाद चालू असतानाच ओळ उचलायची, समोरच्याच्या प्रतिक्रियेसाठी थोडे थांबायचे आणि मग पुढे जायचे, हे त्यांचे चलन आहे. यंत्राला थांबता येत नाही. नारदाच्या पहिल्या प्रवेशाला प्रेक्षक हसत होते, त्या हशाला वाट देण्यासाठी नटाने योग्य तो विराम घेतला, आणि तेवढ्यात साथ सुरू झाली. बिचाऱ्याला अर्धे वाक्य गिळून पहिल्या ओळीमागे धावावे लागले. पुढे त्याच्याच एका पदाला ‘वन्स मोअर’ आला तेव्हा त्याने हात जोडले, कारण यंत्र पुढच्या तुकड्यावर गेले होते आणि सभागृहात बलरामाच्या संतापाचे पार्श्वसंगीत घुमू लागले होते. लोक हसले, पण तो हशा किर्लोस्करांच्या वाट्याचा नव्हता.

साथीदारांचे मानधन आणि वारंवार होणाऱ्या तालमी यांचा खर्च मोठा असतो, हे मंडळीच्या व्यवस्थापकांचे म्हणणे खरे आहे. दोन संगीत नाटकांना वर्षभर ऑर्गन आणि तबला पुरवणे सोपे नाही आणि ऑर्गन वाजवणारी माणसे आपल्या गावात आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. पण मग एकच संगीत नाटक करावे आणि ते पूर्ण साथीने करावे, किंवा ‘सौभद्र’च्या तिकिटाचा दर वाढवावा. ज्या शहरात लता मंगेशकरांचा जन्म झाला आणि ज्यांचे वडील मास्टर दीनानाथ बलवंत संगीत मंडळी घेऊन गावोगाव हिंडले, तिथे संगीत नाटकासाठी थोडे अधिक पैसे मोजणारे प्रेक्षक निघतील, असे मला वाटते. निदान विचारून तरी पाहावे.

‘मोरूची मावशी’विषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण ते जसे व्हायला हवे तसेच झाले. आचार्य अत्र्यांनी ‘चार्लीज आंट’ या इंग्रजी प्रहसनावरून केलेले हे नाटक मावशी झालेल्या नटावर उभे राहते किंवा पडते, आणि विजय चव्हाणांची मावशी लोकांच्या डोळ्यांत इतकी बसलेली आहे की नव्या नटाला तिची नक्कल करण्याचा मोह होतोच. इथल्या नटाने तो आवरला. त्याची मावशी ठसक्याची नाही, धूर्त आहे. पदर सावरण्याच्या निमित्ताने ती समोरच्याचे तोंड नीट निरखून घेते आणि मगच उत्तर देते. तिसऱ्या अंकात धावपळ वाढते तेव्हा दारे लावण्या-उघडण्याच्या वेळा एकदोनदा चुकल्या आणि नेपथ्याची भिंत हलली. लहान मुलांना घेऊन जायचे असेल तर चारांपैकी हेच नाटक निवडावे.

‘तुझे आहे तुजपाशी’ इंदूरच्या प्रेक्षकांसमोर करणे हे धाडसही आहे आणि सोयही. पु. ल. देशपांड्यांनी १९५७ साली हे नाटक लिहिले, तेव्हा काकाजी देवासकरांचा बंगला आपल्या गावात बांधला आणि त्यांच्या तोंडी आपल्याकडची हिंदीमिश्रित, ऐसपैस मराठी दिली. पुण्याच्या प्रयोगांत या बोलण्याला हशा येतो. इथे तिथल्यासारखा हशा येत नाही, कारण समोर बसलेल्या निम्म्या लोकांचे आजोबा तसेच बोलत असत. इथे हशा येतो तो काकाजींच्या युक्तिवादाला. त्यामुळे नाटकाचा तोल थोडा बदलतो आणि माझ्या मते तो सुधारतो. काकाजी केवळ रंगेल म्हातारा न राहता विचार करणारा माणूस म्हणून समोर येतात. काम करणाऱ्या नटाने भाषेला मुद्दाम रंग दिलेला नाही, हे त्याचे शहाणपण. शिकारीच्या गोष्टी सांगताना त्याचा हात नकळत बंदुकीच्या दस्त्यावर असावा तसा मुडपलेला असतो, एवढीच काय ती त्याने स्वतःची म्हणून घातलेली भर.

खरे आश्चर्य आचार्यांचे, म्हणजे काकाजींच्या उलट टोकाला असलेल्या संयमवादी पात्राचे आहे. ही भूमिका ‘संशयकल्लोळ’मधला फाल्गुनराव करणाऱ्या नटाकडेच आहे. ज्याने आदल्या आठवड्यात बायकोच्या संशयाने उपरणे पिळले, तोच आता खादी घालून संयमाचे धडे देतो आहे, हे पाहणाऱ्याला दोन्ही माणसांतली कोंडी एकाच जातीची असल्याचे जाणवू लागते. एरवी आचार्यांची टर उडवण्याकडे दिग्दर्शकांचा कल असतो. इथे पहिल्या दोन अंकांत त्यांना पुरेसा मान ठेवला आहे, त्यामुळे शेवटी ते आपल्या आयुष्याबद्दल बोलू लागतात तेव्हा सभागृहात कोणी हसत नाही. रेवती झालेली नटी इथे गीता आहे आणि तिला एकही पद नाही. ऐकत राहण्याचे काम तिने फार मन लावून केले आहे. रेपर्टरीचा हा लाभ सुटे तिकीट काढून एकच नाटक पाहणाऱ्याला मिळत नाही.

म्हणूनच वर्गणी काढावी असे मी सुचवेन. चार नाटकांची एकत्र वर्गणी तीन सुट्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडते, आणि एखाद्या प्रयोगाला जाणे जमले नाही तर त्याच नाटकाच्या पुढच्या प्रयोगाला जागा बदलून देतात. हा बदल खिडकीवरच जाऊन करून घ्यावा लागतो. दूरध्वनीवरून सांगितलेले लिहून घेतले जात नाही. बाल्कनीच्या मागच्या रांगांत गद्य ऐकू येत नाही, कारण ध्वनिक्षेपक पुढच्या रांगांसाठी लावलेले आहेत. तळमजल्यावरची मधली जागा घ्यावी. प्रयोग वेळेवर सुरू होतो आणि उशिरा येणाऱ्यांना पहिला प्रवेश संपेपर्यंत बाहेर थांबवतात, याबद्दल मंडळीचे कौतुक करायला हवे. माहितीपत्रकात एक पान हिंदीत कथासार दिले आहे. ज्यांच्या घरी सून किंवा जावई हिंदीभाषक आहेत त्यांना त्याचा उपयोग होतो, पण ‘संशयकल्लोळ’चे सार इतके तपशीलवार आहे की तसबीर कोणाची हे आधीच कळून जाते. ते थोडे आखडते घ्यावे. मध्यंतरातला चहा पाणचट आहे आणि बटाटेवडा पहिल्या पाच मिनिटांत संपतो. प्रयोग सुटतो तेव्हा सराफ्यातली खाण्याची दुकाने मांडून झालेली असतात, त्यामुळे कोणाची फार गैरसोय होत नाही.

पुढच्या हंगामासाठी प्रेक्षकांकडून सूचना मागवल्या आहेत. मी ‘संगीत मानापमान’चे नाव दिले आहे. गोविंदराव टेंब्यांच्या चालींना लागणारा नायक धैर्यधर या संचात आज तरी दिसत नाही, पण अश्विनशेठ झालेल्या नटाला गाताना समोरच्या माणसाकडे पाहायला शिकवले तर तो उभा राहू शकेल, आणि त्यातला विनोदी लक्ष्मीधर तर फाल्गुनरावाच्या नटासाठीच लिहिल्यासारखा आहे. सूचनेखाली एक ओळ जोडली आहे की ऑर्गन आणि तबला प्रत्यक्ष असणार असतील तरच हे नाटक घ्यावे, नाहीतर त्याऐवजी आणखी एक गद्य प्रहसन करावे.