पूरग्रस्तांसाठी जमवलेला निधी: रोख रक्कम, वस्तू की घरे?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड परिसरात पूर आला, तेव्हा राज्यभरातील गणेश मंडळे, गृहनिर्माण संस्था, माजी विद्यार्थी संघ आणि परदेशातील महाराष्ट्र मंडळे यांनी निधी जमवला. पैसे जमवताना फारसा वाद होत नाही. तो खर्च कसा करायचा यावर मात्र विश्वस्तांच्या बैठका लांबतात. कुटुंबांना थेट रक्कम द्यावी, शिधा आणि भांड्यांचे संच वाटावेत, की मोजकीच पण पक्की घरे बांधून द्यावीत, अशा तीन बाजू पडतात. पुढील तुलना वीस लाख रुपयांच्या आसपास निधी हाती असलेल्या संस्थेला समोर ठेवून केली आहे. बाजार उघडला असेल तर रोख रक्कम हाच बहुतेक वेळा सर्वांत योग्य मार्ग ठरतो, असे माझे मत आहे. मात्र त्यातला ‘उघडला असेल तर’ हा भाग सोडून चालणार नाही.

२०१९ च्या पुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन अनेक दिवस बंद होता आणि कोल्हापूर शहराकडे येणारी वाहने अडकून पडली होती. अशा वेळी हातात पैसे असूनही घेण्यासारखे काही मिळत नाही. म्हणून पिण्याचे पाणी, तयार अन्न, औषधे आणि जनावरांचा चारा प्रत्यक्षच पोहोचवावा लागतो, आणि पाणी ओसरल्यावर गाळ काढण्याचे फावडे व जंतुनाशकही त्याच यादीत येतात. येथे वस्तूंना पर्याय नाही. पण हा काळ थोडा असतो आणि बाहेरून निघालेले ट्रक बहुधा तो संपता संपता पोहोचतात. त्यानंतर वस्तूंचे दोष दिसू लागतात. हमरस्त्यालगतच्या गावात एकाच कुटुंबाला चार-चार संच मिळतात, तर आतल्या वाडीवर एकही पोहोचत नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला कुजत पडले होते. ते ज्यांच्यासाठी पाठवले होते त्यांनी ते उचलले नाहीत, आणि त्यात त्यांचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. खरेदी, गोदाम, वाहतूक आणि स्वयंसेवकांचा प्रवास या खर्चातही निधीचा मोठा भाग जातो. शिवाय ज्या किराणा दुकानदाराचा माल पुरात गेला, त्याच्याच दारात फुकटचा तांदूळ वाटला गेला, तर त्याचे दुकान सावरायला आणखी वेळ लागतो.

रोख रकमेची बाजू भक्कम होते ती गरजांच्या वेगळेपणामुळे. पूर ओसरल्यावर एका घराला विहिरीवरची मोटर पुन्हा भरून घ्यायची असते, दुसऱ्याला मुलांची वह्या-पुस्तके आणि गणवेश हवा असतो, तिसऱ्याला नव्या खोलीसाठी अनामत रक्कम भरायची असते, तर चौथ्याने आधीच सावकाराकडून उचल घेतलेली असते. कोणताही तयार संच या चौघांना पुरा पडणार नाही. शासनही हे जाणते, म्हणूनच २०१९ मध्ये ग्रामीण कुटुंबांना दहा हजार आणि शहरी कुटुंबांना पंधरा हजार रुपये सानुग्रह अनुदान जाहीर झाले. त्यातले पाच हजार रोख हातात आणि उरलेले बँक खात्यात, अशी विभागणी तक्रारींनंतर करावी लागली. घरातील पासबुक आणि कागदपत्रे पाण्यात गेलेली असताना नुसता खात्यावर जमा झालेला पैसा लगेच हाती येत नाही, हा धडा खासगी संस्थेनेही लक्षात ठेवावा.

‘रोख दिली की दारूत जाते’ हा आक्षेप प्रत्येक बैठकीत कोणीतरी घेतोच. जागतिक बँकेच्या दोन संशोधकांनी वेगवेगळ्या देशांतील रोख मदतीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा दारू-तंबाखूवरचा खर्च अशा मदतीने वाढल्याचे सर्वसाधारणपणे आढळले नाही. बांगलादेशात जुलै २०२० मध्ये जमुना नदीचा पूर शिगेला पोहोचण्याआधीच जागतिक अन्न कार्यक्रमाने मोबाइलवरून कुटुंबांना ४,५०० टका पाठवले होते. ज्यांना ती रक्कम मिळाली, त्या घरांत दिवसभर उपाशी राहण्याची वेळ कमी आली, असे नंतरच्या अभ्यासात दिसले. दुरुपयोग कधीच होत नाही असे कोणी म्हणणार नाही. पण वाटलेली भांडी आणि ताडपत्रीही विकली जातेच, आणि तीही पडत्या भावाने.

खरी अडचण रकमेच्या आकाराची आहे. वीस लाख रुपयांत चारशे कुटुंबांना पाच-पाच हजार देता येतात, दोनशे कुटुंबांना दहा-दहा हजार, किंवा ऐंशी कुटुंबांना पंचवीस-पंचवीस हजार. विश्वस्तांचा कल पहिल्या पर्यायाकडे असतो, कारण अहवालात मोठी संख्या शोभून दिसते. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांत कपड्यांसाठी २,५०० आणि भांडी-घरगुती साहित्यासाठी २,५०० रुपये धरले आहेत. त्यावर आणखी पाच हजार मिळाल्याने चूल पेटते, पण शिलाई मशीन किंवा शेळी परत येत नाही. त्यामुळे शासनाची मदत पोहोचलेल्या गावात थोडी रक्कम सर्वांना देण्यापेक्षा, शासनाच्या यादीतून निसटलेल्यांना पुरेशी रक्कम देणे मला अधिक योग्य वाटते. ही कुटुंबे कोणती, हे शोधणे फार कठीण नाही. पंचनामा मालमत्तेच्या नोंदीवर चालतो, म्हणून भाडेकरू, गायरानावर झोपडी असलेले, दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले मजूर, आणि स्वतंत्र शिधापत्रिका नसलेल्या विधवा किंवा परित्यक्ता त्यात सहज सुटतात.

घरांचा पर्याय सर्वांत डोळ्यांत भरणारा आणि लहान संस्थेसाठी सर्वांत अवघड आहे. वरील निकषांनुसार सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घरासाठी १,२०,००० रुपये मिळतात. तेवढाच खर्च धरला तरी वीस लाखांत सोळा घरे होतात, आणि तेवढ्यात पक्के घर उभे राहत नाही हे कोणताही गवंडी सांगेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि जमीनधारणेनुसार २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे दिली गेली. घरे मजबूत होती. पण रुंद रस्त्यांच्या शहरी आखणीत गोठा, कडबा आणि शेजार यांची जुनी सोय राहिली नाही, आणि लोकांनी पुढे पत्र्याचे आडोसे स्वतःच जोडले. त्याच पुनर्वसन कार्यक्रमात जवळजवळ दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण मालकांनी हप्त्याहप्त्याने मिळालेल्या साहाय्यातून स्वतः करून घेतले, आणि गावोगावी महिला ‘संवाद सहायक’ म्हणून मधला दुवा झाल्या. या बाजूची चर्चा कमी होते, तरी पुढे अनुकरण तिचेच झाले. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर गुजरातने मालकांच्या हाती हप्ते देऊन सुमारे दोन लाख घरे नव्याने उभारली. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळने तीन लाख नेपाळी रुपये ५० हजार, दीड लाख आणि एक लाख अशा तीन हप्त्यांत दिले. पुढचा हप्ता अभियंत्याने काम तपासल्यावर मिळे. ही पद्धत चांगली असली तरी तिला गावात राहणारा अभियंता आणि दोन-तीन वर्षांची चिकाटी लागते. ज्या संस्थेकडे ती नाही तिने भिंती बांधण्याच्या फंदात पडू नये. फार तर शासनाच्या हप्त्यात कमी पडणारी रक्कम पाया झाल्यावर भरून द्यावी.

रोख द्यायचे ठरल्यावर यादी आणि खाते या दोन गोष्टींवर सर्वाधिक वेळ द्यावा. यादी सरपंचांकडून आयती घेऊ नये. ग्रामपंचायतीसमोर तिचे चावडी वाचन करावे, हरकतींसाठी दोन-तीन दिवस ठेवावेत, आणि आशा व अंगणवाडी सेविकांना ती दाखवावी, कारण कोणत्या घरात खरोखर किती माणसे राहतात हे त्यांना ठाऊक असते. रक्कम शक्यतो घरातील स्त्रीच्या खात्यावर जमा करावी, आणि पीककर्जाचे खाते टाळावे. थकबाकीपोटी बँकेने मदत परस्पर वळती केल्याच्या तक्रारी दर आपत्तीनंतर होतात. रक्कम दोन भागांत द्यावी, पहिला पंधरवड्याच्या आत आणि दुसरा पेरणी किंवा शाळेच्या खर्चाच्या सुमारास.

परदेशातील मंडळांसाठी एक वेगळी अट आहे. परदेशी नागरिकांनी दिलेली देणगी, त्यांत भारतीय वंशाचे पण परकीय पारपत्रधारक आलेच, विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातूनच यावी लागते. अशी संस्था तो निधी दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करू शकत नाही. म्हणून लोकांकडून पैसे मागण्याआधीच, शेवटच्या घरापर्यंत स्वतः पोहोचणारी नोंदणीकृत संस्था मंडळाने ठरवलेली असावी.