८×४२ दुर्बीण : घेतली रंकाळ्यासाठी, कळली तळाशीलच्या वाळूत

रिव्ह्यू दुर्बिणीचा आहे पण आधी माझा येडेपणा सांगावा लागतोय. दोन वर्षांमागं इथंच कोल्हापुरात एका दुकानातनं १०-३०×५० ची झूमवाली दुर्बीण घेतली (पहिला आकडा किती पट मोठं दिसतंय, दुसरा पुढच्या काचेची रुंदी मिलिमीटरमध्ये). दुकानदार म्हणाला साहेब तीस पट आहे, पन्हाळ्यावरनं जोतिबा दिसतोय. आता जोतिबाचा डोंगर पन्हाळ्यावरनं नुसत्या डोळ्यानं पण दिसतोय हे तेव्हा डोक्यातच आलं नाही, आकडा मोठा म्हणजे माल भारी, घेतली की.

रंकाळा तलावावर सकाळी साडेसहाला ती डोळ्याला लावली आणि तीस वर नेली तर समोरचा वारकरी, म्हणजे तो काळा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पाणपक्षी, असा काय थरथरत होता की मला वाटलं त्यालाच थंडी वाजतीय. थरथरत होता माझा हात. वर अंधार. त्याचं कारण नंतर कळलं, पुढच्या काचेची रुंदी भागिले पट केलं की डोळ्यात येणाऱ्या उजेडाच्या गोलाची साईज मिळते, ५० भागिले ३० म्हणजे दीड मिलिमीटरच्या जरा वर, एवढ्या भोकातनं पहाटे काय दिसणार कप्पाळ. ८×४२ ला तोच गोल सव्वापाच मिलिमीटर येतो. हे गणित दुकानात कुणी सांगत नाही.

तर नवीन घेतलेली ८×४२, साडेनऊ हजारला, वजन साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास. कंपनीचं नाव मुद्दाम लिहित नाही, कारण मला सांगायचंय ते या साईजबद्दल, आणि खाली शिव्या पण आहेत.

खरी परीक्षा जानेवारीत झाली. पहाटे तीनला निघालो, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली करत मालवणच्या अलीकडं तळाशीलला, जिथं एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी आहे. लोकं कोकणात दुपारी पोचतात, मासे हाणतात आणि संध्याकाळी बीचवर पक्षी बघायला जातात, तिथंच गंडतात. आपला समुद्र पश्चिमेला, संध्याकाळी सूर्य बरोबर डोळ्यावर, मग कुरव असो नाहीतर सुरय (दोन्ही समुद्रकाठचे पक्षी), सगळे काळे ठिपके. सकाळी ऊन पाठीमागनं येतंय, एकेक पीस वेगळं दिसतंय. आणि भरतीची वेळ बघून जावा, ओहोटीला पक्षी चिखलात लांबवर पांगतात, भरतीचं पाणी वर आलं की उरलेल्या वाळूवर गर्दी करून बसतात.

वाळूवर चिखल्यांचा थवा होता, मुठीएवढे पक्षी, वाळूच्याच रंगाचे, पळाले तरच दिसणारे. सगळे सारखेच वाटत होते. मी पोटावर पडलो, कोपरं वाळूत रोवली आणि बघितलं तर काहींच्या मानेमागनं पांढरी पट्टी आरपार गेलेली आणि काहींची मान सलग मातकट. पट्टीवाला केंटिश चिखल्या, बिनपट्टीचा छोटा चिखल्या. पुस्तकात शंभरदा वाचलेलं, पण आठ पट आणि स्थिर हात असल्यावर एका मिनिटात डोळ्याला पटलं. पुढं कुरव बसलेले, हिवाळ्यात तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकं पांढरंच असतं, नुसता कानामागं डाग, मग ओळखायचा कसा तर बुबुळ फिकट असतंय. तेवढं बुबुळ दिसलं हो! सोबत आलेले तात्या माझ्या मागं उभे राहून "आरं मला दे की, मला दे की" करत होते.

तात्यांना चष्मा आहे. डोळ्याकडचे रबरी कप फिरवून खाली बसवले की चष्म्यासकट पूर्ण गोल दिसतो, जुन्या दुर्बिणीत त्यांना मधलं रुपयाएवढंच दिसायचं. उजव्या डोळ्याची रिंग मात्र आधी सेट करावी लागते. उजवा डोळा झाकून मधल्या चाकानं फोकस, मग डावा झाकून ती रिंग फिरवायची, बस्स. हे न करताच लोकं दुर्बीण धुरकट आहे म्हणून परत देतात.

नंतर होडीत बसलो. खरं सांगतो, होडीत आठ पट पण हलतंय, फक्त सहन होण्याइतकं. होडीवाले काका एकदम "काकण! थंय बघा, माडार" म्हणाले आणि माडाच्या शेंड्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. उडाला तेव्हा पंख इंग्रजी व्ही सारखे वर उचललेले, शेपूट पाचरीसारखं. नजर फिरवून मी त्याला लगेच पकडला, कारण आठ पटला बघायचा पट्टा रुंद असतोय (माझ्या दुर्बिणीवर १००० मीटरला १२९ मीटर लिहिलंय, म्हणजे हजार मीटर लांब १२९ मीटर रुंदीचं एकदम दिसतंय). तीस पटनं निम्मा वेळ आभाळच शोधत बसलो असतो.

आता शिव्या. पुढच्या काचांची झाकणं फालतू, एक रंकाळ्यात गेलं ते गेलंच. गळ्यात अडकवायचा पट्टा मान कापतोय. फोकसच्या चाकात वाळू गेली तर अजून करकर वाजतंय, कंपनीच्या सर्व्हिसला दोन मेल टाकले, उत्तर शून्य. वॉटरप्रूफ लिहिलंय ते खरं आहे, पण खाऱ्या वाऱ्यानं काचेवर मिठाचा थर बसतोय, तो शर्टानं पुसू नका, मिठाचे कण काच घासतात. आधी फुंकणी मारा, मग मऊ ओलं कापड, मग कोरडं.

कळंबा, रंकाळा, कोकण एवढंच फिरणार असाल तर डोळे झाकून घ्या. खाडीपलीकडचे लांबचे पक्षी मोजायचे असतील तर हिच्यानं होणार नाही, तिथं स्टँडवरचा स्पॉटिंग स्कोपच, म्हणजे एका डोळ्यानं बघायची जास्त पटीची दुर्बीणच पाहिजे. पट्टा मी बदलला, कॅमेऱ्याचा जुना रुंद पट्टा लावलाय. झूमवाली आता पोरगं गच्चीत घेऊन बसतंय चंद्र बघायला.