मागच्या कॉइलओव्हरच्या नावाखाली साताऱ्यात झालेली फसवणूक

गाडीच्या मागच्या सस्पेन्शनला उंची कमी-जास्त करता येणारी कॉइलओव्हर, म्हणजे शॉकअपवरच स्प्रिंग चढवलेली जोडी, बसवून देतो असं कुणी म्हणालं, तर पैशाची बोलणी करण्याआधी एक गोष्ट विचारा: मागचं वजन आता कशावर टेकणार? साताऱ्यातल्या एका गॅरेजवाल्याने माझे 42,000 रुपये घेतले. ते गेले याचा राग आहेच. पण त्याहून मोठा राग याचा आहे की त्या गाडीत आई-अण्णांना बसवून मी यवतेश्वरचा घाट चढत-उतरत होतो आणि त्यांच्या सीटमागचा पत्रा तेव्हा फाटत चालला होता.

आमचं गाव बामणोलीच्या बाजूला. जाताना गाडीत पाच माणसं आणि येताना डिकीत तांदूळ-नाचणीची पोती. गाडी जुनी हॅचबॅक, मागून बसलेली. कासच्या रस्त्याला वळणावर मागचा भाग हेलकावे खायचा, गतिरोधकावर सायलेन्सर घासायचा. गावाला जाताना उंची वाढवायची आणि शहरात पुन्हा खाली घ्यायची, ही कल्पना मला आवडली होती. आजही ती चुकीची वाटत नाही. चांगली कॉइलओव्हर ही खरी आणि उपयोगी वस्तू आहे, म्हणून तर तिच्या नावावर हा धंदा चालतो.

आता फसवणूक नेमकी कुठे होते ते सांगतो. स्विफ्ट, आय20, पोलो अशा गाड्यांना मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी आडवी तुळई, असते. त्यात स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. स्प्रिंग बीम आणि चेसिस यांच्यामध्ये स्वतःच्या बैठकीत बसते आणि मागचं सगळं वजन ती पेलते. शॉकअपचं काम फक्त हेलकावे थांबवायचं. त्यामुळे त्याचं वरचं माउंटिंग तेवढ्याच जोराच्या हिशोबाने केलेलं असतं. पुढच्या चाकांना मात्र स्प्रिंग शॉकअपवरच असते आणि तिच्यासाठी बॉडीला जाड, मजबूत टॉवर दिलेला असतो. गॅरेजवाल्याने नेमका याच फरकाचा फायदा घेतला. "दादा, पुढं जशी स्प्रिंग शॉकअपवर असती, तशीच मागं करून देतो. कंपनीनं पैसे वाचवायला वेगळं केलंय," असं तो म्हणाला. ऐकायला अगदी सरळ वाटतं. पण मागे तो टॉवरच नसतो. म्हणून अशा गाड्यांसाठी जे नीट किट येतात त्यांत स्प्रिंग बहुतेक जागच्या जागीच राहते, तिच्या टोकाला उंची कमी-जास्त करायला आटे असलेली चकती येते आणि शॉकअप वेगळाच राहतो. सगळं वजन शॉकअपवर आणायचंच असेल, तर वरच्या माउंटिंगला आणि खालच्या बोल्टला त्या भाराची मजबुती द्यावी लागते. माझ्या गाडीत तसलं काहीच केलेलं नव्हतं.

काउंटरवर त्याने खोका उघडून दाखवला. आत निळ्या रंगाच्या चकत्या, चकचकीत आटे, परदेशी कंपनीचं नाव. वर एक छोटी खुंटी, ती फिरवली की टिकटिक वाजायची. तिनं शॉकअप मऊ-कडक होतो म्हणे. पक्क्या बिलाचा विषय काढला तर "कशाला जीएसटी भरताय दादा" म्हणत त्याने पैसे कुणा दुसऱ्याच्याच खात्यावर घेतले. गाडी ठेवून जायला सांगितलं, काम चालू असताना आत गिऱ्हाईक येऊ देत नाही म्हणाला. आरटीओचं विचारलं तर उत्तर आलं, "आतलं काम आहे, कुणाला दिसतंय?"

गाडी हातात आली तेव्हा मागून उंच आणि टणक वाटली. मग खड्ड्यात चाक उतरलं की मागून खट्ट असा आवाज यायला लागला. विचारलं तर म्हणे नवीन माल आहे, बसायला वेळ लागतो. शॉकअपवर तेलाचा ओलसर थर दिसला, तर म्हणे ग्रीस आहे. गाडी धुताना प्रेशरच्या पाण्याने परदेशी कंपनीचं नाव सोलून निघालं, तेव्हा मी गाडी थेट कराडला एका जुन्या मिस्त्रींकडे नेली.

त्यांनी ती रॅम्पवर घेतली आणि पहिल्यांदा बोट ठेवलं ते चेसिसमधल्या रिकाम्या बैठकीवर. "इथं स्प्रिंग पाहिजे होती. काढली कुठं?" मग शॉकअप खाली उतरवला. तो माझ्याच गाडीचा जुना शॉकअप होता. त्यावर लेथवर आटे पाडलेला पाइप चढवून वेल्डिंगचे टाके मारले होते, वरून रंग दिला होता आणि कुठल्या तरी दुसऱ्या गाडीची स्प्रिंग बसवली होती. वेल्डिंगच्या उष्णतेने आतलं सील गेलं असणार, म्हणून तेल. टिकटिक वाजणारी खुंटी मिस्त्रींनी पकडीने ओढली, तर ती सरळ हातात आली. खाली काही नव्हतंच. खऱ्या शॉकअपमध्ये ती आतल्या तेलाची वाट लहान-मोठी करते. शॉकअप गाडीवर चढण्याआधी खुंटी दोन्ही टोकांना फिरवून हाताने दाबून-ओढून बघा, फरक हाताला कळतो.

खट्ट आवाजाचं कारणही तिथेच समजलं. उंची दाखवण्यासाठी चकती इतकी वर चढवली होती की गाडी उभी असतानाच शॉकअप जवळजवळ पूर्ण लांबलेला होता. खड्ड्यात चाक खाली जायला जागाच उरली नव्हती, दांडा आतून टोकाला आपटत होता. आणखी एक समज अशी माणसं मुद्दाम पसरवतात, की चकती घट्ट केली म्हणजे स्प्रिंग कडक होते. साध्या, एकसारख्या वेढ्यांच्या स्प्रिंगचं तसं नसतं. गाडीचं वजन तेवढंच राहतं, म्हणून स्प्रिंग दबतेही तेवढीच, फक्त गाडी वर उचलली जाते.

आणि स्प्रिंग कुठलीही चालत नाही. बीमवरची मूळ स्प्रिंग साधारणपणे चाकाच्या पुढे, आतल्या बाजूला असते, शॉकअप चाकाच्या जास्त जवळ असतो. चाकापाशी जाणवणारा कडकपणा काढताना या तरफेच्या गुणोत्तराचा, म्हणजे चाक हलतं त्याच्या किती पट स्प्रिंग दबते त्या आकड्याचा, वर्ग घेऊन स्प्रिंगच्या कडकपणाला गुणावं लागतं. समजा स्प्रिंग 4 किलो प्रति मिलिमीटरची आहे. गुणोत्तर 0.7 असेल तर चाकाला त्यातले जेमतेम 2 मिळतात. तीच स्प्रिंग 0.95 च्या जागी आणली तर साडेतीनच्या वर जातात. जागा बदलली की स्प्रिंगचा हिशोब नव्याने करावा लागतो, आणि जो करतो तो आधी तुमच्या गाडीचं मागचं वजन विचारतो. मला ते कुणी विचारलंच नव्हतं.

सगळ्यात वाईट गोष्ट शेवटी दिसली. आतलं अस्तर काढल्यावर डाव्या माउंटिंगभोवतीचा पत्रा वर फुगलेला होता आणि रंगाला केसासारखी चीर गेली होती. मिस्त्रींनी गाडी परत चालवू दिली नाही.

माझ्या मूळ स्प्रिंगा मागायला गेलो तर उत्तर मिळालं, भंगारात गेल्या. काम कुठलंही असो, जुने सुटे भाग त्याच दिवशी ताब्यात घ्या. मी नव्या कंपनी स्प्रिंगा आणि शॉकअप घातले, पत्र्याचं काम करून घेतलं, आणि गाडी आता मागून खाली बसत नाही. ज्या तक्रारीवरून हे सगळं सुरू झालं, तिला नव्या स्प्रिंगा पुरेशा होत्या. हे गॅरेजवाल्याला पहिल्या दिवशीच माहीत होतं.

कायद्याचंही लक्षात घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये हे स्पष्ट केलं आहे. बेकायदा बदलासाठी कलम 182अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. पैसे घेणारा "दिसत नाही" म्हणून मोकळा होतो, आरसी बुकावर नाव तुमचं असतं.

मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात जातो आहे. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. पक्कं बिल नसलं तरी पैसे पाठवल्याची नोंद, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप आणि मिस्त्रींनी रॅम्पवर काढलेले फोटो माझ्याकडे आहेत. तो पाइप चढवलेला शॉकअप मी पोत्यात बांधून ठेवला आहे.

तुम्ही असं काम आधीच करून घेतलं असेल, तर आजच मागचं अस्तर उचलून दोन्ही शॉकअपच्या वरच्या बोल्टभोवतीचा पत्रा बॅटरीच्या उजेडात बघा. मग गाडी उचलून, चाकं लटकत असताना, ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर ताणली जाते का तेही तपासा. रंग तडकलेला दिसला तर गाडी घाटात नेऊ नका. स्प्रिंग मूळ जागी परत बसेपर्यंत मागे माणसं बसवू नका.